कॉर्डलेस तोच, पण लाइन कुठली?

रात्रीचे आठ वाजले की आमच्या शहापूरच्या घरातला फोन वाजायचा. पलीकडून, धारवाडहून, माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" आणि इकडून माझी आई सांगायची, "जेवण झालं, तुमचं?" त्या कन्नडात बोलत, आई मराठीत. दोघींनाही दुसरीची भाषा नीट कळते, पण बोलण्याची हौस आपापल्याच भाषेत. मराठीतल्या विहीणबाई आणि कन्नडातल्या बीगती अशा या दोघींचा हा कार्यक्रम आमच्या लग्नापासून, म्हणजे 2006 पासून चालू आहे. मालिका चुकली तर चालते, पण आठचा फोन चुकलेला चालत नाही.

2009 च्या दिवाळीत मी खडेबाजारातून एकाच मॉडेलचे दोन कॉर्डलेस फोन घेतले. एक शहापूरला आईसाठी, एक धारवाडला अत्तींसाठी. फोन घेऊन देवघरातून स्वयंपाकघरात जाता येते याचे दोघींना एवढे अप्रूप वाटले, की पहिले पंधरा दिवस त्या एकमेकींना फक्त "आता मी कुठे आहे ओळखा" एवढेच विचारत होत्या. हे दोन्ही संच अजून चालू आहेत. बदलली ती त्यांच्या मागची लाइन, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

अलीकडे स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, बसमध्ये मला लोक एकच प्रश्न विचारतात. "सर, आता फायबर घेतोय. घरातला जुना कॉर्डलेस त्यावर चालेल का?" मी शिकवतो अर्थशास्त्र. पण दोन घरांत दोन कंपन्यांचे फायबर बसवताना जी दमछाक झाली, तिच्यामुळे या विषयात मी आपोआपच जाणकार ठरलो आहे. माझे उत्तर असे असते, की बहुधा चालेल. पण विचारायचा प्रश्न तो नाही.

आधी आईच्या घराचे सांगतो. गल्लीत रस्त्याची खोदाई झाली, जमिनीतली तांब्याची केबल तुटली आणि फोन मुका झाला. दुरुस्तीची वाट पाहून शेवटी फायबर घेतले. एक मुलगा आला, खांबावरून बारीक काळी तार आणली, दिवाणखान्यात टीव्हीच्या वर एक पांढरा डबा बसवला. वायफाय सुरू झाले, नातवंडे खूष. कॉर्डलेसचा बेस मात्र पूर्वीच्याच जागी, बोळातल्या भिंतीवरच्या फोनच्या जोडणीला लावलेला. पडद्यावर अक्षरे दिसायची, दिवा लागायचा, पण कानाला लावला की चिडीचूप. "चेक टेल लाइन" असे इंग्रजीत येत राहायचे. आई म्हणाली, "पंधरा वर्षं झाली त्याला, गेला असेल." मीही मान डोलावली आणि नवीन संचाच्या किमती बघू लागलो.

आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी माझे पैसे वाचवले. ते म्हणाले, "अहो, भिंतीत आता लाइनच नाही, तर फोन बोलणार कसा?" आणि मग मधल्या सुट्टीत त्यांनी मला धडा दिला. तो इथे सांगण्यासारखा आहे.

जुना लॅंडलाइन फोन तांब्याच्या दोन तारांवर चालतो. त्या तारांतून एक्स्चेंज नुसता आवाज पाठवत नाही, वीजही पाठवते. साधारण 48 व्होल्टचा सौम्य दाब सतत असतो आणि घंटी वाजवायच्या वेळी त्याहून बराच जास्त दाबाचा विद्युतप्रवाह येतो. म्हणून आपला तारेचा साधा फोन घरातली वीज गेली तरी चालायचा. त्याचे पोट एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्या भरत होत्या. फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मग डायल टोन येतो कुठून? तो पांढऱ्या डब्यात तयार होतो. ओएनटी म्हणतात तो हा डबा प्रकाशातले आकडे वाचतो, त्याचा आवाज करतो, 48 व्होल्टची नक्कल करतो आणि घंटीही स्वतःच वाजवतो. थोडक्यात, आपल्या दिवाणखान्यात आता एक चिमुकले एक्स्चेंज आले आहे.

कॉर्डलेसच्या बेसला हे काहीच कळत नाही. त्याला डायल टोन हवा, घंटीचा विद्युतप्रवाह हवा. तो दूरच्या एक्स्चेंजमधून आला काय आणि टीव्हीवरच्या डब्यातून आला काय, त्याला सारखेच. म्हणून कंपनी कुठलीही असो, बीएसएनएल, जिओ, एअरटेल किंवा आणखी कोणी, कॉर्डलेसचा ब्रँड हा सहसा अडचणीचा मुद्दा नसतो. अडचण असते ती डब्याची.

त्या संध्याकाळी मी बेस उचलला, डब्याच्या मागे "टेल" लिहिलेल्या भोकात त्याची पिन घातली आणि डायल टोन आला. आईने लगेच धारवाड लावले. (कुठल्या डब्यावर "फोन" लिहिलेले असते, कुठल्यावर "पॉट्स". शेजारची रुंद भोके इंटरनेटच्या तारेची असतात. फोनची बारीक पिन त्यांतही जाते, म्हणून माणूस फसतो. आमच्या शेजाऱ्यांनी महिनाभर तशीच लावून ठेवली होती.)

दोन दिवसांनी आईची तक्रार आली, "बोलताना तळणीत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो." हे कारण शोधायला मला जास्त वेळ लागला. आपल्याकडे दुकानात मिळणारे बरेच कॉर्डलेस, माझा पॅनासॉनिकचाही, 2.4 गिगाहर्ट्झ या लहरींवर चालतात. वायफायही त्याच लहरी वापरते, आणि मायक्रोवेव्हसुद्धा. मी बेस नेमका वायफायच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दोघे एकाच खोलीत ओरडत होते म्हणायचे. फोनची लांब तार आणली, बेस दहा-बारा फूट लांब, जुन्या कपाटावर नेला आणि मोहरी शांत झाली. ज्यांच्या डब्यात 5 गिगाहर्ट्झची सोय आहे, त्यांनी मोबाइल आणि टीव्ही त्यावर टाकले तरी फरक पडतो.

याच लहरींच्या भानगडीमुळे परदेशातून कॉर्डलेस आणणाऱ्यांना मी थांबवतो. अमेरिकेत घरगुती फोन 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपात 1880 ते 1900 वर. तिकडचा पट्टा तिकडच्या नियमांचा. शिवाय अमेरिकेतला अ‍ॅडॉप्टर बहुधा 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात घातला की धूर. मुलाने प्रेमाने पाठवला तरी तो फोन तिकडेच बरा.

आता धारवाड. तिथे अत्तींनी वेगळ्या कंपनीचे फायबर घेतले. विकायला आलेल्या माणसाने "नंबर तोच राहील" असे तोंडभरून सांगितले होते. कंपनीचे नाव घेत नाही. कारण त्यालाही माहीत नव्हते की खोटे बोलला, याचा मला अजून पत्ता नाही. पण वाचकांनी हे लक्षात ठेवावे: मोबाइलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय आपल्याकडे लॅंडलाइनला नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर गेलात तर जुना नंबर ठेवता येतो, आणि तसे अर्जातच लिहून घ्यावे. कंपनी बदलली की नंबर गेला. अत्तींचा नंबर माझ्या सासऱ्यांच्या हयातीतला होता. तो दोन बँकांत, गॅसवाल्याकडे, डॉक्टरांकडे आणि किती नातेवाइकांच्या वह्यांत पेनाने लिहिलेला. त्यांनी कुरकुर केली नाही. फक्त एवढेच म्हणाल्या, की आता मला शोधायचं तर लोकांनी काय करायचं.

तिथेही डब्याला फोनचे भोक होते. पिन घातली, पण आवाज नाही. सौ.ने बेळगावहून विचारले, "अव्वा, टोन बरतदेनु?" अत्ती म्हणाल्या, "इल्ला, एनू बरवल्दु." काहीच येत नाही. कारण साधे होते. भोक असणे वेगळे आणि त्यात सेवा चालू असणे वेगळे. कंपनीने तो नंबर आपल्या यंत्रणेत चालू करून डब्याला कळवावा लागतो. काही ठिकाणी नोंदवलेल्या मोबाइलवर आकडे येतात, ते सांगितल्यावर फोन सुरू होतो. तो मोबाइल माझ्या मेहुण्याचा, आणि मेहुणा हुबळीला. एका रविवारी तो आला तेव्हा काम झाले. डब्यावर फोनचा एक छोटा दिवा असतो, तो स्थिर लागला म्हणजे समजावे की लाइन जिवंत आहे. गल्लीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलेल्या काही घरांत मात्र हा दिवा कधीच लागत नाही. त्यांची सेवा फक्त इंटरनेटची असते, भोक नुसते शोभेला. तिथे कितीही भारी कॉर्डलेस आणा, उपयोग नाही.

काही हौशी मंडळी कंपनीचा डबा काढून बाजारातला चांगला राउटर लावतात. इंटरनेट जोरात धावते, फोन मरतो. फोनच्या लाइनची गुप्त कुलूपकिल्ली कंपनीच्या डब्यातच असते आणि ती सहसा आपल्याला देत नाहीत. राउटर घ्यायचाच असेल तर तो कंपनीच्या डब्यामागे जोडावा, त्याच्या जागी नाही.

फोन सुरू झाल्यावरही अत्तींच्या दोन तक्रारी उरल्या. एक, येणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसेना. हा नंबर पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि डबा एक पद्धत वापरत असेल, संच दुसरी समजत असेल, तर पडदा कोराच राहतो. ग्राहक केंद्राला चार वेळा सांगावे लागले, पाचव्यांदा कोणीतरी डब्याची मांडणी बदलली आणि नंबर दिसू लागला. अत्तींना त्याची गरज मोठी. अनोळखी नंबर दिसला की त्या उचलत नाहीत, आणि आजकाल फोनवरून फसवणाऱ्यांचा सुळसुळाट पाहता ते योग्यच आहे. दुसरी तक्रार, मोबाइल लागत नाही. इथे दोष ना फोनचा, ना डब्याचा. 15 जानेवारी 2021 पासून लॅंडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावे लागते. अत्ती इतकी वर्षे फक्त शहापूरच लावत होत्या, त्यामुळे त्यांना ते कळलेच नव्हते.

ज्यांच्याकडे फिरवायच्या चकतीचा जुना काळा फोन आहे, त्यांनी एक पाहून घ्यावे. असे फोन टकटक ठोके देऊन नंबर लावतात आणि बऱ्याच डब्यांना ही टकटक कळत नाही. फोन येतो, वाजतो, बोलता येते, पण लावता येत नाही. बटणांच्या संचावर खाली "पी" आणि "टी" असा खटका असेल तर तो "टी"वर हवा.

हे सगळे मी गमतीने सांगत आलो, पण गेल्या जुलैमधल्या एका रात्रीची गोष्ट गमतीची नाही.

पाऊस धो धो पडत होता. रात्री अकराच्या सुमारास शहापुरात वीज गेली. आई खालच्या मजल्यावर एकटी असते, मी टिळकवाडीत राहतो. तिला दम्याचा त्रास आहे. त्या रात्री श्वास लागला. पंप सापडला, पण आराम पडेना. तिने कॉर्डलेस उचलला. हँडसेटमध्ये स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तो उजळला, पण बेसला वीज नाही, डब्याला वीज नाही, मग लावणार कुणाला? तिचा बटणांचा मोबाइल नेहमीप्रमाणे कपाटात, नेहमीप्रमाणे चार्ज न केलेला. मग ती अंधारात चाचपडत झोपायच्या खोलीतल्या जुन्या तारेच्या फोनकडे गेली. 2009 च्या आधीपासूनचा तो फोन. वीज जाऊ दे, पाऊस पडू दे, तो नेहमी चालायचा, आणि तिला तेच आठवले. पण तो अजूनही भिंतीतल्या मेलेल्या तारांनाच लावलेला होता. कॉर्डलेस मी डब्याला जोडला, त्या फोनचा मला विसर पडला होता.

शेवटी तिने पितळी तांब्या जिन्याच्या कठड्यावर आपटला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी टॉर्च घेऊन खाली आली, "अज्जी, एनात्री?" म्हणाली आणि तिच्या वडिलांनी मला मोबाइल केला. वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. नेब्युलायझर लावला, पहाटेपर्यंत श्वास जागेवर आला. आई ठीक आहे. तो तांब्या मी अजून पाहिला की पोक काढून आणावा असे वाटते, पण ती आणू देत नाही.

त्या रात्रीनंतर मी जे केले ते असे. डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहे ते पाहिले. बऱ्याच डब्यांचे असते तसे ते 12 व्होल्ट निघाले. त्या मापाचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा, तो लावला. काही तास तरी डबा जिवंत राहतो. पण लक्षात घ्या, त्याने कॉर्डलेसचा बेस चालत नाही. बेसचा अ‍ॅडॉप्टर वेगळा, त्याचे व्होल्ट वेगळे, त्याला घराचा इन्व्हर्टर तरी हवा किंवा दुसरी सोय. म्हणून आईच्या घरी मी तारेचा साधा फोन परत आणला. त्याला वेगळा प्लग लागत नाही, तो डब्याकडूनच वीज घेतो. डब्यावर यूपीएस असला की वीज गेल्यावर कॉर्डलेस मुका होतो आणि तारेचा फोन बोलतो. ज्या घरात वयस्कर माणूस एकटे राहते, त्या घरात कॉर्डलेसच्या जोडीला असा एक तीन-चारशे रुपयांचा संच असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो फोन झोपायच्या खोलीत हवा होता आणि डबा दिवाणखान्यात. ओळखीच्या वायरमनने एक युक्ती केली. व्हरांड्यातल्या रोझेटमध्ये रस्त्याकडून येणारी जुनी तांब्याची जोडी त्याने तोडून वेगळी केली आणि डब्यातली फोनची लाइन घराच्या आतल्या जुन्या तारांना जोडली. सगळ्या खोल्यांतल्या जोडण्या पुन्हा जिवंत झाल्या. मात्र बाहेरची जोडी तोडणे आधी, जोडणे नंतर. बाहेरून चुकून वीज आली तर डबा जळू शकतो. आणि एका डब्यावर चार-पाच फोन लटकवू नयेत. त्याची घंटीची ताकद एक्स्चेंजएवढी नसते. आमच्याकडे दोन संच बिनतक्रार वाजतात.

मग मेन स्विच बंद केला आणि आईला म्हणालो, "आता मला फोन लाव." शून्य दाबून तिने लावला. माझा मोबाइल वाजला तेव्हा मी तिच्या समोरच उभा होतो, तरी "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणालो. ही परीक्षा प्रत्येकाने एकदा घ्यावी. 112 आणि 108 हे नंबर मी फोनशेजारी मोठ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून चिकटवले आहेत. गल्लीतल्या फायबरच्या यंत्राचीच वीज गेली तर आपला यूपीएस काही करू शकत नाही, म्हणून तो बटणांचा मोबाइल आता देवघरात, रोज दिवा लावताना चार्जिंगला लागतो.

इंग्लंडमध्ये माझा मावसभाऊ असतो. त्याने सांगितले, की तिथे तांब्याचे जुने जाळे पूर्ण बंद करायला आधी डिसेंबर 2025 ही मुदत होती, ती नंतर जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. गळ्यात मदतीचे बटण घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सोय होईना, हे त्यामागचे एक मोठे कारण. तिथल्या बीटी या कंपनीच्या राउटरमध्ये कॉर्डलेसचा बेसच आतमध्ये असतो, हँडसेट सरळ त्याच्याशी जुळतो. आणि तिथल्या नियामकाचा दंडक आहे, की जे लोक लॅंडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी तातडीचा फोन लावता येईल अशी सोय कंपनीने करून द्यावी. एक तास! आमच्या पावसाळ्यात एक तास म्हणजे काहीच नाही. आपल्या घरची ही काळजी आपणच घेतलेली बरी.

धारवाडला तीच व्यवस्था करायला मागच्या महिन्यात गेलो होतो. यूपीएस लावला, तारेचा लाल फोन लावला. कॉर्डलेस लवकर दम तोडतो म्हणून अत्ती कुरकुरत होत्या. मागचे झाकण उघडले तर आत घड्याळात घालतात ते साधे सेल. किराणा दुकानातून आणलेले. त्यात चार्ज होणारे निकेलचेच सेल घालावे लागतात, साधे सेल बेसवर ठेवून चार्ज केले तर गळतात, तापतात. नवे घातले, हात धुतले, तोवर आठ वाजले. फोन वाजला. अत्तींनी कॉर्डलेस न उचलता लाल फोन उचलला, मला खुणेने बसायला सांगितले आणि म्हणाल्या, "ऊटा आतेन्री?"